वीतभर सावली आणि देवरेबाई

देवरेबाई प्रश्न विचारायच्या आणि मग गप्प बसायच्या. नुसत्या गप्प नाही, साडीच्या पदराखाली हाताच्या बोटांवर दहा आकडे मोजत. समोरचं मूल कितीही चुळबुळलं, सोबतच्या शिक्षिका कितीही खाकरल्या, तरी दहा होईपर्यंत बाई एक अक्षर बोलत नसत. सहलीला आलेल्या मास्तरांना ती शांतता सहन होत नसे. "सांग रे, सांग, परवाच शिकवलंय ना!" असं कुणीतरी मागून ढोसायचंच. मग बाई त्या मास्तरांकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणायच्या, "सर, बाहेर चहा ठेवलाय. गार होईल." चहा ठेवलेला नसायचा.

मी त्यांच्या हाताखाली बारा वर्षं काम केलं. नाशिकच्या द्वारका चौकाच्या पुढे एका ट्रान्सपोर्टवाल्यांचं जुनं गोदाम एका शिक्षणसंस्थेने घेतलं होतं आणि त्यात मुलांसाठी विज्ञानाचं संग्रहालय थाटलं होतं. गोदामात पूर्वी कांदा साठवत असत. कितीही चुना मारला तरी तो वास भिंतींतून गेला नव्हता. बाहेर हायवेवरचे ट्रक, आत कांद्याचा वास, आणि मधोमध छतापासून टांगलेला मोठा लंबक. माणसाचा सांगाडा, भिंगं, आरसे, खडक आणि स्फटिकांनी भरलेली चार कपाटं आणि मागच्या अंगणात सिमेंटच्या ओट्यावर उभा केलेला सावल्या मोजायचा खांब, एवढा आमचा संसार.

मला नोकरी कशी लागली ते सांगते. मी नुकतीच फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले होते. मुलाखतीला गेले तर बाई टेबलापाशी नव्हत्याच, अंगणात होत्या. ठेंगण्या, सावळ्या, जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला खादीची झोळी. त्या झोळीत लोहचुंबक, सुतळी, खिळे, खडू आणि तुटक्या डब्यातलं एक होकायंत्र कायम असायचं. त्यांनी माझी प्रमाणपत्रं पाहिली नाहीत. कोपऱ्यावरच्या गाडीवरून आणलेली गोटीसोड्याची बाटली माझ्या हातात दिली.

"ही गोटी वर का अडकून बसलीय?"

मी घडाघडा सांगितलं. आतल्या वायूचा दाब, रबराचं कडं, सगळं.

"बरोबर. आता बाटली फोडली की गोटी कुठे जाईल?"

"खाली पडेल."

"तुले काय वाटस, ते विचारलं नाही. बघून सांग."

बाई सटाण्याकडच्या. बोलायच्या शुद्ध शहरी मराठी, पण एखाद्या गोष्टीत जीव अडकला की मधेच अहिराणी निघायची. मी अंगठ्याने गोटी आत ढकलली. सोडा फसफसून माझ्या नव्या साडीवर आला. गोटी खाली पडली खरी, पण बाटलीच्या मानेतल्या खाचेपर्यंतच. पुढे गेलीच नाही. मी बाटली हलवली, वाकडी केली. गोटी तिथेच खुळखुळत राहिली.

"असं का?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या.

बाईंची आणखी एक रीत होती. मुलांना त्या अरे-तुरे करायच्या, पण एखाद्या पोराने पुस्तकातलं नाही, स्वतः बघितलेलं काही सांगितलं की लगेच अहो-जाहो सुरू. पाचवीतल्या शेंबड्या मुलालाही, "बरोबर बोललात हो तुम्ही," असं म्हणायच्या. मुलं बावरायची, मागे वळून बघायची, की कुणी मोठं माणूस आलंय का. मला बारा वर्षांत फक्त दोनदा 'अहो' मिळालं. दोन्ही वेळा मी त्यांची चूक दाखवली होती.

चुकीवरून आठवलं. बाईंची सगळ्यात मोठी चूक आमच्या अंगणात, पत्र्याच्या पाटीवर, ऑइलपेंटने लिहिलेली होती. त्यांच्याच अक्षरात. 'आपल्या भागात भर दुपारी खांबाची सावली नेहमी उत्तरेकडे पडते.' सहलीला आलेल्या मुलांना आम्ही ती पाटी दाखवायचो, खांबाच्या सावलीवर खडूने रेघ मारायला लावायचो, आणि सावली खरंच उत्तरेकडे असायची. पाच वर्षं हे असं चाललं होतं.

एका जूनमध्ये नांदगावहून पोस्टकार्ड आलं. अक्षर मोठं, गोल, ओळी खाली उतरत गेलेल्या. नांदगावच्या शाळेतली सातवीची संगीता नावाची मुलगी. तिची शाळा जानेवारीत सहलीला येऊन गेली होती. तिने लिहिलं होतं, की घरी गेल्यापासून ती शाळेतल्या झेंड्याच्या खांबाची सावली मधल्या सुट्टीत रोज बघते. उन्हाळ्यापर्यंत सावली उत्तरेकडेच होती, पण बारीक बारीक होत चालली होती. आता सुट्टीनंतर शाळा उघडली, तर सावली दुसऱ्या बाजूला पडते. 'बाई, तुमच्या पाटीवर नेहमी लिहिलं आहे. मग आमचा खांब चुकला का?'

बाईंनी कार्ड वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"दिशा चुकली असेल तिची," मी म्हणाले.

बाईंची पदराखाली बोटं हलत होती. दहा झाले असावेत. मग म्हणाल्या, "आपण जूनमध्ये कधी बघितलंय गं?"

मी विचार करू लागले. सहली यायच्या हिवाळ्यात. मे महिन्यात संग्रहालय बंद. जूनमध्ये आमच्या नाशकावर ढग. आणि मुलं नसली की खांबाकडे बघणार कोण?

"उद्या आभाळ बघून सांगते," मी म्हणाले. पण उद्याही ढग, परवाही ढग. तिसऱ्या दिवशी बाईंनी झोळी उचलली. "नांदगावला पाऊस कमी. चल."

मनमाडपर्यंत एक एसटी, पुढे दुसरी. नांदगावच्या त्या शाळेत आम्ही पोचलो तेव्हा मुख्याध्यापकांची तारांबळ उडाली. नाशिकच्या संग्रहालयाच्या बाई न कळवता आल्या म्हणजे काहीतरी तपासणीच असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी शिपायाला नारळ आणायला पिटाळलं. बाई म्हणाल्या, "नारळ राहू द्या सर. संगीता कोण?"

दोन वेण्या, निळा फ्रॉक, पायात स्लिपर. ती पुढे आली ती रडवेलीच. तिला वाटलं आपण कार्ड लिहिलं म्हणून ओरडा बसणार.

"कुठल्या बाजूला पडली होती सावली?"

तिने बोट केलं. "त्या तिकडं, बाई. पाण्याच्या टाकीकडं."

बाईंनी झोळीतून होकायंत्र काढलं, जमिनीवर ठेवलं. काटा थरथरून थांबला. टाकी बरोबर दक्षिणेला होती.

पण नांदगावच्या आभाळालाही त्या दिवशी आमचीच थट्टा करायची होती. मधली सुट्टी साडेबाराला झाली. आम्ही खांबाभोवती गोल करून उभे राहिलो, आणि सूर्य ढगाच्या मागेच राहिला. अर्ध्या तासाने मुलं वर्गात गेली. मुख्याध्यापकांनी फार आग्रहाने घरी मुक्कामाला नेलं. त्यांच्या बायकोने शेंगदाण्याचं कालवण आणि भाकरी केली. जेवताना मी धीर करून म्हणाले, "बाई, परत जाऊ. पाटीवरचा 'नेहमी' शब्द तेवढा पुसून टाकू. कुणाला कळणार आहे?"

"त्या पोरीला कळलंय की," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी परत खांब. साडेबारा वाजले. सगळी सातवी, अर्धी सहावी आणि शिपाई. ढग सरकत होते. एकदम ऊन पडलं, असं की डोळे मिटावेत. खांबाच्या बुडाशी बारीकशी काळी सावली उमटली. इतक्या उंच खांबाची जेमतेम वीतभर. आणि ती टाकीकडे होती.

बाई उकिडव्या बसल्या. वीत टेकवून सावली मोजली. खडूने रेघ मारली. ऊन दोन-तीन मिनिटं राहिलं आणि गेलं. रेघ राहिली. बाई तशाच बसून होत्या, सगळी शाळा त्यांच्याकडे बघत होती. मग त्या संगीताकडे वळल्या.

"अहो संगीताताई, तुमचं बरोबर आहे. खांब चुकला नाही. मी चुकले. मी हिवाळ्यात बघितलं आणि वर्षभराचं लिहून टाकलं."

संगीताने घाबरून मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापक आपल्या टोपीशी खेळत होते. मोठं माणूस मुलीपुढे असं बोलल्यावर पुढे काय करायचं असतं हे त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी बाईंनीच मुलांना जमवलं, एक चेंडू मागवला, आणि उन्हाळ्याच्या शेवटाला सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेकडे कसा जातो ते त्या चेंडूभोवती फिरून दाखवलं. परतताना मनमाडच्या स्टँडवर शेंगदाण्याची पुडी घेतली तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या. "पाच वर्षं गं! पाच वर्षं थापा मारल्या आपण!" आणि इतक्या हसल्या की शेजारची बाई सरकून बसली.

नाशकात परतल्यावर त्यांनी ब्रश घेतला. पाटीवरची जुनी ओळ पुसली नाही, तिच्यावरून काळी रेघ ओढली. वाचता यावी अशी. खाली लिहिलं: 'हे चूक आहे. मे अखेरीपासून जुलैपर्यंत काही आठवडे सावली दक्षिणेकडे पडते. नांदगावच्या संगीताने दाखवून दिले.'

आमचे कार्यवाह भडकले. मोठे शिस्तीचे गृहस्थ, संस्थेवर प्रेम खरं, पण इस्त्रीच्या कपड्यांसारखं. पुढच्याच महिन्यात कुणी बडे पाहुणे येणार होते. "बाई, पाटी नवी करून घ्या. ही खाडाखोड कशाला? पाहुणे म्हणतील, यांच्याकडे चुकीचंच शिकवतात."

"शिकवत होतो की."

"मग पाहुणे जाईपर्यंत तरी झाकून ठेवा!"

"तोवर चार शाळा येऊन जातील," बाई म्हणाल्या.

"तुमच्याऐवजी दुसरं कुणी नेमता येतं, बाई, हे लक्षात ठेवा."

बाईंनी झोळी खांद्याला लावली आणि अंगणाच्या दाराची किल्ली टेबलावर ठेवली. "नेमा. पण त्यालाही सांगा, जूनमध्ये खांब बघायचा."

कार्यवाहांनी किल्ली उचलली नाही. दिवसभर ती टेबलावर तशीच पडून होती. संध्याकाळी बाईंनीच ती उचलून नेहमीच्या खिळ्याला अडकवली. पाहुणे आले त्या दिवशी धो धो पाऊस होता. ते अंगणात गेलेच नाहीत. लंबक बघितला, सांगाड्याशी हस्तांदोलन करून फोटो काढला आणि गेले. कार्यवाह मात्र दोन महिने बाईंशी चिठ्ठीने बोलत होते.

पाटी तशीच राहिली. आणि गंमत म्हणजे मुलं सांगाड्यापेक्षा त्या पाटीपाशी जास्त थांबू लागली. मोठ्यांची चूक, तीही लेखी, असं कुठे बघायला मिळतं! त्यानंतर आमच्याकडे पोस्टकार्डं यायला लागली. सिन्नरच्या एकाने लिहिलं, आमच्या विहिरीच्या खोदकामात तुमच्या कपाटातल्यापेक्षा मोठे स्फटिक निघाले आहेत, बघायला या. बाई गेल्या. स्फटिक खरंच मोठे होते.

दोन हजार साल उलटल्यावर एका कारखान्याने काढून टाकलेले चार कॉम्प्युटर आमच्याकडे आले. बाई तेव्हा पन्नाशी ओलांडून गेलेल्या. माउस धरायच्या तो लाटण्यासारखा. संस्थेने नेमलेला तरुण शिक्षक फाइल उघडा, फाइल बंद करा, असं शिकवू लागला. बाई आठवीच्या पोरांमध्ये बाकावर बसून शिकायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी हात वर केला. "सर, फाइल उघडून आत काय ठेवायचं?" शिक्षकाने एक रिकामी फाइल उघडून दाखवली. बाई म्हणाल्या, "मग आधी ते ठरवू."

त्या दिवाळीच्या सुट्टीत सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेतल्या बारा मुली आमच्याकडे आठ दिवस राहायला आल्या. ज्यांचे आईबाप द्राक्षांच्या छाटणीला बागांवर गेलेले, म्हणजे घरी जावं तर घरालाच कुलूप म्हणून काटेरी फांदी लावलेली, अशा मुली. बाईंनी त्यांना माती दिली. स्टुलावर एक छोटा कॅमेरा बसवला, तो कॉम्प्युटरला जोडला. मातीची बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, परत केसभर हलवायची, परत फोटो. सगळे फोटो भराभर दाखवले की बाहुली चालू लागते.

मंदा नावाची तेरा वर्षांची मुलगी पहिले तीन दिवस बोललीच नाही. चौथ्या दिवशी तिने मातीचं घर केलं, दोन माणसं, डोक्यावर बोचकं, एक लहान मुलगी आणि एक बकरी. दोन दिवस ती त्यांना केसकेस हलवत होती. माणसं निघतात, दाराला फांदी लावतात, चालत जातात; मग परत येतात. दीडशेच्या वर फोटो झाले. आणि शेवटचे पाच-सहा राहिलेले असताना वीज गेली. आम्ही काही जतन करून ठेवलेलं नव्हतं. सगळं गेलं.

मंदा खाली बसली. तोंडावर हात. मला वाटलं बाई तिला जवळ घेतील. त्या तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या, पण हात लावला नाही.

"वीज गेली," त्या म्हणाल्या. "मातीची माणसं कुठे गेली?"

मंदाने मान वर केली. माणसं टेबलावर उभीच होती.

"आणि तुला आठवतंय ना, कुणी कसं चालायचं?"

"हां."

"मग उद्या वीज आली की परत. आणि या वेळी दर पाच फोटोंनंतर जतन करायचं. ते विसरले मी. तू नाही."

दुसऱ्या दिवशी मंदाने सगळं पुन्हा केलं. पण आईबाप परत येतात तो भाग तिने केलाच नाही. फक्त जातात. मुलगी आणि बकरी दाराशी उभी राहतात. मी विचारलं, "शेवट राहिला का गं?"

"नाय," ती म्हणाली. "इतक्या बिगी येत नाय ते."

बाईंनी हे ऐकलं. आश्रमशाळेच्या शिक्षकांना गाठून मंदाचे आईवडील कुठल्या बागेवर आहेत ते शोधलं. दिंडोरीच्या बाजूला एका मळ्यावर होते. शेवटच्या दिवशी बाई स्वतः जीपने गेल्या आणि बागायतदाराशी बोलून दोघांना घेऊन आल्या. हातांना अजून वेलीच्या सालींचे डाग होते. मंदाची आई कॉम्प्युटरसमोर खुर्चीवर बसेना, खालीच बसली. मग आम्ही कॉम्प्युटरच खाली, सतरंजीवर ठेवला.

जेमतेम अर्ध्या मिनिटाचा तो सिनेमा. मातीची दोन माणसं बोचकं घेऊन निघाली, दाराला फांदी लावली, तिरकी तिरकी चालत चौकटीबाहेर गेली. मुलगी आणि बकरी राहिली. बकरीने एकदा मान हलवली.

बाईंची बोटं पदराखाली होती, मला दिसत होती. मग मंदाची आई पुढे सरकली, पडद्याला बोट लावून म्हणाली, "बकरी आपलीच हाय. हिचा कान तुटका केलाय पोरीनं."

बाप हसला. "परत लाव."

तो सिनेमा त्या दुपारी अकरा वेळा लावला. अकराव्या वेळी मंदा आईच्या मांडीवर डोकं ठेवून बघत होती. त्यांना मळ्यावर सोडायला जीप निघाली तेव्हा बाईंनी मंदालाही सोबत बसवलं. आश्रमशाळा उघडायला अजून चार दिवस होते. "चार दिवस मळ्यावर राहा. पण द्राक्षांना हात लावू नका मंदाताई, मालक ओरडेल." मंदाने मागे वळून बघितलं नाही. ताई म्हणजे आपणच, हे तिला बरोबर कळलं होतं.

पुढे बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात कार्यवाहांनी भाषण केलं आणि पाटीचा किस्सा स्वतःच सांगितला, जणू ती कल्पना त्यांचीच होती. बाई पहिल्या रांगेत बसून मनापासून टाळ्या वाजवत होत्या. मग त्या सटाण्याला भाच्याकडे राहायला गेल्या. लग्न केलं नव्हतं, भाच्याच्या घरात त्यांचा जीव रमला.

मी त्यांना शेवटचं भेटले ते तिथेच, दोन-तीन वर्षांनी. डाळिंबाची बाग, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. बाई थकल्या होत्या, पण जेवताना आवाज तोच. भाच्याची मुलगी, म्हणजे बाईंची नात, सहा-सात वर्षांची, सारखी घरातला नवा कॅमेऱ्याचा मोबाइल घेऊन त्यांच्याभोवती घोटाळत होती. जेवण झालं, चहा झाला, माझी एसटीची वेळ झाली. निरोप घ्यायला म्हणून मी अंगणात आले तर बाई दिसेनात.

त्या डाळिंबाच्या झाडाखाली जमिनीवर चक्क पालथ्या पडल्या होत्या. साडी मातीत, चष्मा कपाळावर, हातात तो मोबाइल. शेजारी नातही पालथी. दोघी मिळून डाळिंबाचा दाणा ओढत नेणाऱ्या मुंगीचा व्हिडिओ काढत होत्या.

"बाई, निघते मी," मी म्हणाले.

"हालू नको!" बाई म्हणाल्या. मला की नातीला, कळलं नाही. मग नातीला हळूच विचारलं, "हाऊ दाणा बिळात जाई का? तुले काय वाटस?"

नात विचार करू लागली. बाई गप्प झाल्या. मोबाइल एका हातात धरून दुसरा हात त्यांनी पाठीमागे माझ्या दिशेने उचलला, दोनदा हलवला, आणि परत जमिनीवर टेकवला. मी फाटकापर्यंत पाय न वाजवता गेले.